उसनी नाडी

"नाडी नाही म्हणजे? मग मी काय मेलेय का?"

नणंदबाईंनी हा प्रश्न विचारला डॉक्टरांना, पण बघितले भावजयीकडे. पाठीवर नाड्या बांधायचा तो रुग्णालयाचा झगा भल्याभल्यांना केविलवाणे करून सोडतो. नणंदबाईंवर मात्र तो एखाद्या पदवीदानाच्या पोशाखासारखा दिसत होता. उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवण्यात गेलेला. खाटेवर आडवे झाल्यावरही त्यांच्यासमोरचा माणूस आपोआप सरळ उभा राही.

"नाडी नाही असं नाही म्हणाले मी," डॉक्टर म्हणाल्या. वयाने तरुण, बोलायला मोकळ्या. "नाडी लागतेय. पण ती इथली नाहीये."

"मग काय शेजारच्या खाटेवरची आहे?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी नणंदबाईंच्या उजव्या अंगठ्याला क्लिप लावली. शेजारच्या मॉनिटरवर लाट उमटू लागली. वर, खाली, वर, खाली. मग त्यांनी त्याच मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला आपला अंगठा रोवला. लाट खुजी झाली, डळमळली आणि आडवी पडली. पडद्यावर एक सरळ रेघ तेवढी चालत राहिली.

सिस्टर ट्रे हातात धरून बघत होती. ही सिस्टर म्हणजेच भावजय. हृदयाच्या वॉर्डातली जुनी परिचारिका. घरी नणंदेची 'वहिनी', इथे सगळ्यांची 'सिस्टर'. सकाळी तिनेच या मनगटावर तीन बोटे ठेवून डॉक्टरांना सांगितले होते, नाडी छान लागतेय म्हणून. बोटे खोटे बोलली नव्हती. ठोका होताच.

"हाताला रक्त नेणाऱ्या दोन वाटा असतात," डॉक्टर सांगू लागल्या. "एक अंगठ्याकडून, एक करंगळीकडून. तळहातात दोघी एकमेकींना मिळतात. अंगठ्याकडची बंद पडली, तर करंगळीकडची गुपचूप सगळा हात सांभाळते. वर थोडं रक्त उलटं फिरून इथवर येतं. आपण बोट ठेवलं की ठोका लागतो. पण तो उसना. शेजारणीचा."

"हात दुखतो का?" त्यांनी नणंदबाईंना विचारले.

"खडू धरत होते तेव्हा दुखायचा. आता काही नाही."

"तेच तर. म्हणून कोणाला कळतच नाही."

सिस्टरने ट्रे खाली ठेवला. भीती अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पोचले होते ते कुतूहल. ज्या जागेवर आपण हजारदा बोट ठेवले, तिथे बोटाखाली दुसरेच कोणी बोलत असावे, हे तिला फार विलक्षण वाटले.

"बंद कशाने पडते, डॉक्टर?"

"मागच्या वेळी याच मनगटातून अँजिओ केली होती ना? नळी काढल्यावर आपण पट्टा लावतो. तो फार घट्ट बसला, फार वेळ राहिला, की बाहेरच्या रक्ताबरोबर आतलंही थांबतं. थांबलेलं रक्त गोठतं. झालं." डॉक्टरांच्या आवाजात आरोप नव्हता. त्या या रुग्णालयात नव्या होत्या; मागच्या वेळी पट्टा कोणी लावला होता हे त्यांना ठाऊक नव्हते.

सिस्टरला ठाऊक होते.

"आता ऐका," डॉक्टर नणंदबाईंकडे वळल्या. "दोन ब्लॉकेज आहेत. एक आज उघडतो, दुसरं काही आठवड्यांनी. उजव्या हाताची वाट गेली. मांडीतून करावं म्हटलं, तर साखरेने तुमच्या पायांच्या रक्तवाहिन्यांची पार रया गेलीय. राहिला डावा हात. आज तिथून करू. पण तो हात उघडा राहायला हवा. तोही बंद पडला, तर पुढच्या वेळी आत शिरायला मला धड वाट नाही."

"म्हणजे डावखुरं व्हायचं म्हातारपणी," नणंदबाई म्हणाल्या. पण उजवा हात त्यांनी चादरीखाली घेतला. एखादी वस्तू फुटलेली निघाल्यावर ती पाहुण्यांसमोरून आत न्यावी तसा.

*

या वॉर्डात सिस्टरला एक टोपणनाव होते: घट्टबाई. ते तिच्या पाठीमागे घेतले जाई आणि तिला ते आवडे. नळी काढल्यावर मनगटाला जो हवा भरायचा पट्टा लावतात, तो तिच्या हातचा असला म्हणजे चादरीवर लाल ठिपका दिसायची सोय नव्हती. सांगितलेली हवा भरून झाली की ती सिरिंजने आणखी थोडी भरत असे, आणि पट्टा सोडायची वेळ झाली की आणखी थोडा वेळ राहू देत असे. नव्या मुलींना तिने हेच शिकवले. वरिष्ठ फेरीवर येत, पांढऱ्याशुभ्र चादरी बघत आणि समाधानाने पुढे जात.

त्यांचे चुकले असे तरी कसे म्हणावे? कोणत्याही संस्थेला जे मोजता येते तेच तिचे सत्य असते. सांडलेले रक्त मोजता येते. ते ओरडते, नातेवाइकांना धावायला लावते, बैठका घडवते, खुलासे मागते. न वाहणारे रक्त काहीच मागत नाही. ते निमूटपणे गोठते, रुग्ण आभार मानून घरी जातो, आणि पुढच्या तपासणीला सगळे ज्ञानी लोक त्याच्या छातीला कान लावतात; मनगटाकडे ढुंकून बघत नाहीत. अशा रीतीने एक संपूर्ण वॉर्ड आपले अपयश शिस्त म्हणून मिरवू शकतो, आणि तेही अत्यंत प्रामाणिकपणे.

शिवाय भाषा मदतीला होतीच. सगळ्या वॉर्डात दिवसभर एकच प्रश्न विचारला जाई: रक्त थांबलं का? आणि एकच उत्तर दिले जाई: थांबलं. जखमेतून येणारे की रक्तवाहिनीतून जाणारे, हे विचारण्याची गरज कोणाला पडली नव्हती. वाक्य पुरे होते, अर्थ अर्धा होता, आणि त्या अर्ध्या अर्थावर लोकांचे हात आवळले जात होते.

नणंदबाईंना अँजिओप्लास्टीसाठी कॅथलॅबमध्ये नेले तेव्हा सिस्टर बाहेरच्या कठड्याशी उभी राहिली आणि तिने स्वतःचे मनगट धरले. अंगठ्याकडची वाट दाबली, बोटांना काही फरक कळला नाही. करंगळीकडची दाबली; तरी नाही. दोन्ही दाबल्या तेव्हा मात्र तळहात पांढराफटक पडला. एक सोडली, लाली परत आली. ती हे पुन्हापुन्हा करीत राहिली. आपल्याच अंगात शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांसारख्या या दोघी राहतात, एकीच्या अडीनडीला दुसरी धावते, आणि घरमालकिणीला त्याचा पत्ता नाही.

"हाताला मुंग्या आल्या का?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने विचारले. नणंदबाईंचा हा धाकटा भाऊ. वयाने आजोबा व्हायला आला, तरी बहिणीच्या तोंडी अजून 'धाकट्या'च.

"नाही हो. बघतेय."

"काय?"

"सांगितलं तर तुम्हाला चक्कर येईल. बसा."

*

स्टेंट व्यवस्थित बसला. नणंदबाई परत आल्या तेव्हा डाव्या मनगटावर पट्टा होता आणि पट्ट्याबरोबर डॉक्टरही होत्या. सिस्टरनेच त्यांना सांगितले होते: तुमच्या पद्धतीने करायचंय, मला दाखवा.

"अवघड काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हवा हळूहळू काढायची. पट्ट्याखाली एक थेंब डोकावेपर्यंत. मग अगदी किंचित परत भरायची. थेंब थांबला पाहिजे, पण आतली वाट चालू राहिली पाहिजे. आणि मधूनमधून करंगळीकडची दाबून अंगठ्याची लाट बघायची. लाट राहिली तर ती याच वाटेची, उसनवारी बंद."

"थेंब दिसला पाहिजे?"

"दिसायलाच हवा. न दिसता भरत बसलात तर किती जास्त झालं, कसं कळणार?"

सिस्टरने सिरिंज लावून हवा काढायला सुरुवात केली. तिचा अंगठा तिचे ऐकेना. इतक्या वर्षांची सवय. दट्ट्या दिसला की अंगठा आत ढकलायलाच जाई. दट्ट्या बाहेर काढायला दुसऱ्या हाताने ओढावा लागला. आणखी थोडी. पारदर्शक पट्ट्याखाली लाल टिंब उगवले, फुगले, चकाकले.

"आलं," ती पुटपुटली. आपल्या पट्ट्याखालचा हा थेंब ती पहिल्यांदाच मुद्दाम बघत होती, आणि तिला त्याची किळस आली नाही, राग आला नाही. केवढा चपळ होता तो. किंचित हवा भरली. टिंब जागच्या जागी राहिले. करंगळीकडची दाबली. लाट लहान झाली, पण मेली नाही. वर, खाली, वर, खाली.

"छान. अशाच लाटेवर लक्ष ठेवून बसा," असे म्हणून डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

"काय चाललंय माझ्या हातावर?" नणंदबाईंनी विचारले. "वहिनीबाई, एवढं लक्ष लग्नानंतर पहिल्यांदाच देतेयस माझ्याकडे."

"वन्सं, हात हलवू नका."

"जिभेला पट्टा नाही ना लावलेला?"

"तेवढा मोठा मिळत नाही इथे."

नणंदबाई खूश झाल्या. उलट उत्तर देणारी विद्यार्थिनी त्यांना नेहमीच आवडे. फक्त तसे त्यांनी कधी कळू दिले नव्हते.

सगळे असेच चालले असते. पण पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाला एकाएकी उलटी झाली आणि सिस्टरला उठावे लागले. जाताना ती नवऱ्याला बजावून गेली, "पट्ट्याला हात लावायचा नाही. काही वाटलं तर मला हाक मारा."

धाकट्याने पट्ट्याला हात लावला नाही, हे खरे. पण नणंदबाईंनी चष्म्यासाठी हात ताणला आणि टिंबाची बारीक रेघ झाली. ती मनगटावरून तळहाताकडे निघालेली पाहून त्याने हाक मारली ती अशी, की वॉर्डातले सगळे नातेवाईक उठून उभे राहिले. हाक ऐकून आल्या त्या वॉर्डाच्या इनचार्ज बाई. त्यांनी रेघ बघितली, सिरिंज उचलली आणि भरली हवा.

सिस्टर परतली तेव्हा इनचार्ज बाई हात पुसत होत्या. "रक्त थांबलं बघ. एवढा सैल पट्टा, तोही तुझ्या हातचा? मी म्हटलं, नणंदेवर सूड उगवतेयस की काय!"

"किती भरलीत?"

"थांबेपर्यंत. वर आणखी थोडी. तुझीच तर पद्धत."

सिस्टरने करंगळीकडची बाजू दाबली. पडद्यावरची लाट आडवी झाली.

"सपाट आहे गं," नणंदबाई म्हणाल्या. फळ्यावरची चूक दाखवावी तशा. "मघाशी उड्या मारत होतं. आता सपाट."

"हो वन्सं."

तिने सिरिंज लावली आणि हवा ओढली. रक्त आले. या वेळी टिंब नाही, रेघ नाही. चांगला ओघळ, तळहातावरून बोटांच्या बेचक्यात आणि तिथून चादरीवर. इनचार्ज बाई ओरडल्या, "अगं वेड लागलं का तुला? भर आधी!" धाकटा भिंतीला टेकला. "अहो, ताईचं रक्त जातंय... अगं, काहीतरी कर..."

"करतेय. तुम्ही बाहेर बसा."

तिने परत भरली, किंचित. ओघळ तुटला. करंगळीकडची दाबून तिने पडद्याकडे बघितले. रेघ. सरळ, निर्विकार रेघ. एवढ्यात गोठले असेल का? उजव्या हातात गोठले तेव्हा किती वेळ लागला असेल? तेव्हा असा पडदा कोणी बघत नव्हते. ती शेजारी उभी राहून पांढरी चादर बघत होती. तिने आणखी कणभर हवा काढली. पट्ट्याच्या कडेशी टिंब थरथरले, पण ओघळले नाही.

रेघेला एक उंचवटा आला. मग काहीच नाही. मग दुसरा. मग एकामागून एक, आधी बुटके, मग बरे, मग डोंगरांची रांग.

इनचार्ज बाईंनी शेवटी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, पण जरा हळू, "रक्त थांबलं का?"

सिस्टरने उत्तर द्यायला तोंड उघडले. आयुष्यभर दिलेले एका शब्दाचे उत्तर तोंडात अडून बसले.

"बाहेरचं थांबलं," नणंदबाई म्हणाल्या. "आतलं चालू आहे. बाई, कर्ता एक आणि अर्थ दोन असले, की प्रश्न नीट विचारायचा असतो."

इनचार्ज बाईंनी चादर बदलायला माणूस पाठवते असे सांगितले आणि त्या निघून गेल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या वॉर्डात आज बऱ्याच दिवसांनी डाग पडला होता आणि त्याचा खुलासा त्यांनाच द्यायचा होता.

*

संध्याकाळी पट्टा निघाला. छोटी पट्टी चिकटवून सिस्टर नणंदबाईंचा हात उशीवर ठेवत होती, तेव्हा त्यांनी विचारले, "मागच्या वेळी तूच होतीस ना गं माझ्यापाशी?"

"हो."

"घरी गेल्यावर मी येईल त्याला सांगत होते. वहिनीने एक थेंब सांडू दिला नाही म्हणून. तुझं कौतुक मी तेवढं एकदाच केलं असेल."

सिस्टर खाली मान घालून उशीचा अभ्रा सारखा करू लागली. तो सारखाच होता.

"राहू दे आता," नणंदबाई म्हणाल्या. "मी नापास केलेली मुलं अजून भेटतात रस्त्यात. नमस्कार करतात. त्यांतली काही माझ्याच चुकीच्या शिकवण्यामुळे नापास झाली असणार. नक्की झाली असणार. पण कोणती, ते आता कसं शोधू? उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या." त्यांनी डाव्या हाताची बोटे उघडमीट करून बघितली. "तुझ्या उत्तरपत्रिका मात्र लोक हातात घेऊनच हिंडतायत. तुला तपासता येतील."

"तपासून काय करू, वन्सं? बंद पडलेली परत उघडत नाही आता."

"मला कुठे ठाऊक? मी व्याकरणाची बाई."

पण प्रश्न सिस्टरच्या डोक्यातून गेला नाही. काही आठवड्यांनी नणंदबाईंची दुसरी अँजिओप्लास्टी त्याच डाव्या मनगटातून झाली. नळी विनासायास आत गेली, आणि डॉक्टरांनी आतून अंगठा वर करून दाखवला. तेव्हा सिस्टरने त्यांना गाठून तो प्रश्न विचारलाच.

"जुनी बंद उघडणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी कळलं तर पुढच्या वेळी तो हात आपण सोडून देऊ, आणि दुसरा जपू. तेवढाच उपयोग."

"तेवढा पुष्कळ झाला."

जुन्या रुग्णांची मनगटे तपासायची परवानगी मागितली तेव्हा इनचार्ज बाईंना मात्र ते पुष्कळ वाटले नाही. "कोणाची तक्रार आहे का?"

"नाही."

"एकाची तरी?"

"एकाचीही नाही."

"मग उकरायचं कशाला?"

"कोणाचीच तक्रार नाही, म्हणूनच," सिस्टर म्हणाली. हे तिने उद्धटपणे म्हटले नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. इनचार्ज बाई वेळापत्रकाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तपासणीच्या दिवशी, दुपारी. आणि लोकांना घाबरवायचं नाही."

फेरतपासणीच्या खोलीबाहेर त्या दुपारी बाकावर जुने रुग्ण बसले होते. नणंदबाईही आल्या होत्या, आणि आल्यामुळे त्यांनी तिथला कारभार हातात घेणे ओघाने आलेच. "एकेकाने आत जा. बाही वर करून. ज्या हातातून केलं तो हात पुढे. कुठला ते आठवत नसेल तर बायकोला विचारा." बाकावर हशा पिकला. लोक बाह्या सरसावू लागले.

पहिला आला तो एक निवृत्त बसचालक. रुंद मनगटांचा, गडगडाटी आवाजाचा.

"सिस्टर, ओळखलंत का? कशा ओळखणार म्हणा, आमच्यासारखे छप्पन येतात. पण मी नाही विसरलो. माझ्या शेजारच्या खाटेवरच्याचं केवढं रक्त गेलं होतं! त्याची बायको रडायला लागली. आणि मी बघा, कोरडाठाक. माझी बायको अजून म्हणते, नशीब काढलंत, चांगल्या हातात पडलात."

"बसा, काका. हात द्या."

त्याने उजवा हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला, विश्वासाने, तळवा वर करून. तिने तीन बोटे ठेवली. ठोका होता, चांगला, भरघोस. तिने अंगठ्याला क्लिप लावली. लाट उमटली. मग तिने करंगळीकडची जागा चाचपून तिथे आपला अंगठा दाबला आणि पडद्याकडे बघत राहिली. जरूर होती त्याहून बराच जास्त वेळ ती बघत राहिली. त्या सरळ रेघेत नजरचुकीने एखादा उंचवटा सुटायला नको म्हणून.

बसचालक बोलतच होता. चादर कशी पांढरी होती, घरी कसे चालत गेलो, पुढच्याच आठवड्यात नातवाला कसे उचलून घेतले.

"काका," सिस्टर म्हणाली, "आता दुसरा हात द्या."

बोलणे न थांबवता त्याने तो पुढे केला.